परीक्षेतलं वचन, आठवणीतलं पुस्तक

न्यू यॉर्क राज्यातल्या शाळकरी मुलामुलींना १९९९ पासून २०१६ पर्यंत एक ठरावीक निबंध लिहावा लागायचा. प्रश्नपत्रिकेत एक वचन छापलेलं असे, बहुधा एकाच वाक्याचं, आणि त्यानंतर ते ज्याच्या नावावर आहे त्या लेखकाचं नाव. सूचना तीन भागांत असे. या वचनाचा ग्राह्य वाटेल असा अर्थ लावा. तुम्ही लावलेल्या अर्थाशी तुम्ही सहमत आहात की असहमत, ते सांगा. आणि तुम्ही वाचलेल्या दोन साहित्यकृतींच्या आधारे आपलं मत मांडा. कोणत्या साहित्यकृती, ते विद्यार्थ्यानं ठरवायचं. पुस्तक जवळ बाळगायची अर्थातच मुभा नव्हती. या निबंधाला 'क्रिटिकल लेन्स' म्हणत. वचन हे भिंग, आणि त्यातून पुस्तकांकडे पाहायचं, अशी त्यामागची कल्पना.

आपल्याकडे हा प्रकार परका वाटू नये. शाळेतल्या मराठीच्या पेपरात कल्पनाविस्तार नावाचा प्रश्न कित्येक पिढ्यांनी सोडवलेला आहे. एखादी काव्यपंक्ती किंवा म्हण द्यायची आणि तिच्यातला विचार फुलवायला सांगायचं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत १९९३ पासून निबंधाचा स्वतंत्र पेपर आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्यातले बहुतेक विषय वचनवजाच असतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानंही राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली आणि निबंधाला २५० गुणांचा पेपर दिला. वचनावर निबंध कसा लिहायचा, हा प्रश्न त्यामुळे आता शाळेच्या वर्गातून अभ्यासिकांत आणि शिकवणी वर्गांत पोचला आहे. मग जिथे जिथे हा प्रकार गांभीर्यानं राबवला गेला तिथे त्याचं काय झालं, हे एकदा सलग पाहून घेतलेलं बरं.

प्रकार जुना आहे. चौथ्या शतकातल्या अँटिऑकमध्ये लिबॅनियसचा शिष्य अफ्थोनियस यानं वक्तृत्वाच्या विद्यार्थ्यांसाठी पूर्वतयारीच्या पाठांचं एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक पाठ थोरांच्या वचनाचा. वचन घ्यायचं आणि आठ पायऱ्यांनी ते वाढवायचं: बोलणाऱ्याची स्तुती, वचनाचा आपल्या शब्दांत अर्थ, त्यामागचं कारण, उलट बाजू, उपमा, उदाहरण, जुन्या लेखकांची साक्ष आणि छोटासा समारोप. हे पुस्तक युरोपातल्या शाळांमध्ये पुढे हजार वर्षांहून अधिक काळ चाललं. चीनमधल्या शाही परीक्षांचा 'अष्टपदी निबंध' हाही वचनावरचाच. कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या चार ग्रंथांपैकी एकातली ओळ द्यायची आणि ठरलेल्या साच्यात तिचं विवरण मागायचं. ती परीक्षापद्धतीच १९०५ मध्ये बंद झाली.

या यादीत मी नारदीय कीर्तनालाही बसवीन. पूर्वरंगात बुवा संताचा एक अभंग निरूपणाला घेतात, त्यातला एकेक शब्द सोडवतात, मधूनच दुसऱ्या संताची साक्ष काढतात. मग उत्तररंगात आख्यान लावतात. हरिश्चंद्र असो की शिवचरित्रातला प्रसंग, आख्यानाची निवड पूर्वरंगातला सिद्धान्त पटावा म्हणूनच झालेली असते. वचनाचा अर्थ आणि त्याला आधार देणारी कथा, ही जोडणी हुबेहूब क्रिटिकल लेन्सची आहे. फरक आहे तो एवढाच, पण मोठा: आख्यान अभंगाला कधीही खोटं पाडत नाही. ते पाडण्यासाठी कुणी कीर्तनाला बसलेलंही नसतं. अफ्थोनियसच्या आठ पायऱ्यांतही वचन शेवटी खरंच ठरतं. उलट बाजू येते ती परतवून लावण्यासाठी. परीक्षेनं मात्र 'सहमत की असहमत' असं विचारून एक दार उघडं ठेवलं. त्या दारातून फारसं कुणी गेलं नाही, आणि का गेलं नाही, हाच या निबंधप्रकाराच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे असं मला वाटतं.

हा निबंध ज्यांत होता त्या न्यू यॉर्कच्या रीजंट्स परीक्षा १८६५ पासूनच्या, अमेरिकेतल्या जुन्या परीक्षांपैकी. १९९९ मध्ये इंग्रजीचा पेपर नव्यानं बेतला गेला तेव्हा तो दोन दिवसांचा, सहा तासांचा झाला आणि त्यात चार निबंध आले. चौथा क्रिटिकल लेन्सचा. २०११ च्या जानेवारीपासून पेपर एका दिवसात, तीन तासांत आटोपू लागला आणि चारपैकी हा एकच निबंध पूर्ण स्वरूपात उरला. सहा गुणांची श्रेणी, पाच निकष: अर्थ, विकास, मांडणी, भाषेचा वापर आणि लेखननियम. निकषांत काही कडक अटी होत्या. एकाच साहित्यकृतीवर लिहिलं तर तीनपेक्षा जास्त गुण नाहीत. साहित्यकृतीचा उल्लेखच न करता नुसतं स्वतःचं मत लिहिलं तर एकाच्या वर काही नाही. कथानक सांगत बसू नका, त्याऐवजी आशयसूत्र, व्यक्तिचित्रण, स्थळकाळ, निवेदनाचा दृष्टिकोन असे घटक वापरून विश्लेषण करा, असं प्रश्नपत्रिकेतच लिहिलेलं असे.

कागदावर ही मागणी उत्तम आहे. मुलानं स्वतः वाचलेली पुस्तकं आठवावीत, एका अनोळखी वाक्यासमोर ती उभी करावीत आणि त्यातून काही नवं म्हणावं, याहून चांगली परीक्षा साहित्याच्या शिक्षकाला सुचणार नाही. प्रत्यक्षात काय झालं ते त्या काळात तिथे शिकलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या परिच्छेदाचा साचा पाठ झालेला असे: अमुक लेखक असं म्हणतो, म्हणजे तमुक, मी याच्याशी सहमत आहे, आणि हे सिद्ध करणाऱ्या दोन कृती अशा अशा. पुस्तकांची मोकळीक होती, पण शाळेनं शिकवलेली चार-पाच पुस्तकंच पुन्हा पुन्हा येत. स्टाइनबेकचं 'ऑफ माइस अँड मेन', फिट्झजेराल्डचं 'द ग्रेट गॅट्सबी', शेक्सपियरचं 'मॅकबेथ', हार्पर लीचं 'टू किल अ मॉकिंगबर्ड', एली विझेलचं 'नाइट'. ही पुस्तकं भिंगाखाली घातली की काहीही सिद्ध होतं, अशी शिक्षकांची आणि मुलांचीही खात्री झाली. आणि ती खरीही होती, कारण येणारी वचनं इतकी सैल असत की त्यांच्याशी असहमत व्हायला मुद्दाम कष्ट घ्यावे लागत.

दोष साच्यावर ढकलणं सोपं आहे. मुळात मागणीतच एक विरोध होता. परीक्षागृहात पुस्तक नाही. पुस्तक नसताना माणसाच्या डोक्यात काय उरतं? कथानक आणि पात्रं. शब्दांची ठेवण, वाक्यांचा वेग, एखादं वर्णन नेमकं कुठे येतं, हे बहुतेकांच्या डोक्यातून निसटतं. म्हणजे परीक्षा म्हणते कथानक सांगू नका, आणि परीक्षेचीच व्यवस्था कथानकाशिवाय दुसरं काही हाताशी ठेवत नाही. मग मुलं काय करणार? 'लेखकानं व्यक्तिचित्रणाचा वापर करून' अशी पेरणी करत कथानकच सांगणार. व्यक्तिचित्रण, प्रतीक, संघर्ष ही शास्त्रीय नावं मधूनमधून टाकली की विश्लेषणाचा भास होतो. आपल्याकडच्या रसग्रहणाच्या प्रश्नातही अलंकाराचं आणि रसाचं नाव लिहिलं की अर्धं काम झालं, असं मानणारे विद्यार्थी आणि त्याला गुण देणारे परीक्षक काही कमी नाहीत.

माझ्या मते 'कथानक टाळा' हा सल्ला चुकीच्या जागी बोट ठेवतो. वाईट काय, तर कथानक पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणं. कथानकातली एखादी नेमकी गोष्ट उचलणं वाईट नव्हे. आठवणीतून लिहिणाऱ्याजवळ पुरावा म्हणून तेवढंच तर असतं. एक नमुना करून पाहू. वचन मीच बनवतो, परीक्षेत शोभेल इतकं गुळगुळीत: संकटात माणसाचं खरं रूप उघड होतं. पुस्तकं वर आलेल्यांपैकीच दोन.

साच्यातला निबंध काय म्हणेल ते सांगायला नको. 'ऑफ माइस अँड मेन'मधल्या जॉर्जवर संकट आलं तेव्हा मित्रावरचं, लेनीवरचं त्याचं खरं प्रेम दिसलं. मॅकबेथवर संकट आलं तेव्हा त्याची खरी महत्त्वाकांक्षा दिसली. सहमत. सिद्ध. पण वचनाचा अर्थ लावताना जरा थांबलं तर लक्षात येतं की सगळा भार 'उघड होतं' यावर आहे. खरं रूप आधीपासून आत तयार असतं, संकट फक्त पडदा बाजूला करतं, असं हे वाक्य गृहीत धरतं. असं मांडलं की वाक्य चुकू शकतं. आणि चुकू शकणारं वाक्यच तपासता येतं.

आता 'ऑफ माइस अँड मेन' मधलं पिस्तूल आठवा. कार्लसनचं ल्यूगर. तिसऱ्या प्रकरणात त्याच पिस्तुलानं कार्लसन म्हाताऱ्या कँडीच्या कुत्र्याला गोळी घालतो. कँडी पडून राहतो, भिंतीकडे तोंड करतो, आणि नंतर जॉर्जला सांगतो की आपल्या कुत्र्याला आपणच गोळी घालायला हवी होती, परक्याच्या हाती द्यायला नको होतं. लेनीच्या हातून कर्लीची बायको मरते तेव्हा जॉर्ज इतरांच्या आधी निघतो, आणि थोड्या वेळानं कार्लसन ओरडत येतो की पिस्तूल चोरीला गेलं. लेनीचा शेवट जॉर्जच्या हातून, त्याच पिस्तुलानं होतो. म्हणजे संकटानं जॉर्जचं आत दडलेलं काही उघड केलं की दुसऱ्याच्या पश्चात्तापातून तो काही शिकला होता आणि संकटात ते वापरलं? पिस्तूल एकच ठेवून स्टाइनबेकनं हा प्रश्न उभा केलेला आहे. यात कथानकच आहे, पण वचनाला धक्का देणारं कथानक आहे.

'मॅकबेथ' तर आणखी अडचणीचं. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात जखमी सरदार मॅकबेथच्या पराक्रमाचं वर्णन करतो. युद्ध हे संकटच, आणि त्यात मॅकबेथचं दिसलेलं रूप निष्ठावंत वीराचं आहे. तो बिघडतो तो संकटात नव्हे, यश मिळाल्यावर. चेटकिणी भेटतात विजयानंतर, बढती मिळते त्यांच्या पाठोपाठ. आणि चौथ्या प्रवेशात एक लहानशी गोष्ट आहे जिच्याकडे शाळकरी निबंध कधी बघत नाहीत. कॉडरचा सरदार राजद्रोही ठरला, त्याला देहदंड झाला, आणि माल्कम येऊन सांगतो की मरताना त्यानं गुन्हा कबूल केला, क्षमा मागितली आणि तो अतिशय धीरानं मृत्यूला सामोरा गेला. मग त्याचं खरं रूप कोणतं, दगाबाजाचं की शेवटच्या धीराचं? त्याच प्रवेशात डंकन राजा चेहऱ्यावरून मन ओळखता येत नसल्याची खंत करतो, आणि तेवढ्यात मॅकबेथ आत येतो.

इथपर्यंत आलेला विद्यार्थी 'सहमत' किंवा 'असहमत' यांपैकी एक शब्द निवडून मोकळा होऊ शकत नाही. त्याला म्हणावं लागतं की संकट काही उघड करतं खरं, पण जे दिसतं ते आधीचंच असतं असं नाही, आणि माणसाची पारख करायला संधीचा क्षण संकटाइतकाच कामाचा आहे. हे म्हणण्यासाठी त्याला दोन पुस्तकांतल्या तीन-चार गोष्टी पुरल्या. शास्त्रीय नावांपैकी एकही लागलं नाही.

मग असे निबंध दुर्मीळ का राहिले? एक कारण उघड आहे. असहमत होण्यात धोका वाटतो. वचन छापील आहे, थोराच्या नावाचं आहे, आणि परीक्षक अनोळखी आहे. दुसरं कारण गुणदानाच्या यंत्रणेत आहे. रीजंट्सचे निबंध शिक्षकच तपासत, प्रत्येक निबंध निदान दोघांनी, सोबत दिलेले नमुना निबंध समोर ठेवून. उत्तीर्णतेची रेषा ६५ ची. न्यू यॉर्क शहरातल्या गुणांचे आलेख काढले तेव्हा बरोबर ६५ वर गुणांचा ढीग आणि त्याच्या जरा खाली खड्डा दिसला. मुलं रेषेपलीकडे ढकलली जात होती. शिक्षकांचा यात वाईट हेतू होता असं नाही, एका गुणासाठी कुणाचा दाखला अडवायचा, हा प्रश्न कुठल्याही शिक्षकाला पडतो. पण ज्या परीक्षेचं मुख्य काम कुणाला अडवायचं हे ठरवणं असतं, तिथे शिक्षकही मुलांना सुरक्षित निबंधच शिकवतो.

वचनांचंही एक वेगळं प्रकरण आहे. वचन मुळातून उपटून प्रश्नपत्रिकेत लावलं की ते कोण बोललं, कुणाला बोललं, हे नाहीसं होतं. 'हॅम्लेट'मध्ये पोलोनियस परदेशी निघालेल्या मुलाला स्वतःशी प्रामाणिक राहण्याचा उपदेश करतो. जगभरच्या भिंतींवर, शुभेच्छापत्रांवर आणि निबंधांच्या सुरुवातीला तो शेक्सपियरचं शहाणपण म्हणून मिरवतो. पुढच्याच अंकात हाच पोलोनियस त्याच मुलाच्या मागे पॅरिसला हेर पाठवतो, आणि माहिती काढण्यासाठी मुलाबद्दल थोड्या खोट्या गोष्टी पसरवायलाही सांगतो. रॉबर्ट फ्रॉस्टच्या 'मेंडिंग वॉल'मधली कुंपणाविषयीची प्रसिद्ध ओळ शेजाऱ्याच्या तोंडची आहे, तीही त्यानं बापाकडून ऐकलेली, आणि कवितेतला निवेदक तिच्याविषयीच शंका घेतो. परीक्षेत यातलं काही दिसत नाही. मूळ ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला तर उलटा पेच: वचनाचा त्याच्या जागी असलेला अर्थ सांगावा, की प्रश्नपत्रिकेला अपेक्षित असलेला? मी म्हणेन, दोन्ही सांगावेत आणि त्यांच्यातलं अंतर हाच निबंधाचा विषय करावा. तेवढं धैर्य सोळाव्या-सतराव्या वर्षी असतं की नाही ते वेगळं.

आणि पुष्कळ वचनांना मूळच नसतं. स्वतःपासून बदल घडवण्याचं गांधीजींच्या नावावर खपणारं वाक्य त्या शब्दांत त्यांच्या लेखनात सापडत नाही. आइन्स्टाइनच्या नावावर तर इतकं खपतं की त्या माणसाला भौतिकशास्त्रासाठी वेळ कधी मिळाला असा प्रश्न पडावा. आता यंत्राला वचनं मागितली की तेही हवी तितकी घडवून देतं, लेखकाच्या नावासकट.

न्यू यॉर्कमध्ये मूळ मजकुराशी झालेली छेडछाड मात्र खुद्द परीक्षा घेणाऱ्यांनी केली होती. २००२ मध्ये ब्रुकलिनमधल्या जीन हायफेट्झ या पालकानं इंग्रजीच्या पेपरातले उतारे मूळ पुस्तकांशी ताडून पाहिले आणि ते गुपचूप बदललेले आढळले. आयझॅक बाशेविस सिंगरच्या आठवणींतून ज्यूपणाचे उल्लेख गेले होते, ॲनी डिलर्डच्या उताऱ्यातून वंशाचे, कोफी अन्नान यांच्या भाषणातून वाइनचा. कुणाला बोचू नये म्हणून. बातमी गाजल्यावर राज्याच्या शिक्षण खात्यानं हे थांबवायचं कबूल केलं. साहित्याकडून फक्त निरुपद्रवी साक्ष हवी असली की काय होतं, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणार नाही.

रशियानं हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं हाताळला. सोवियत काळापासून शाळेच्या शेवटी साहित्यावरचा निबंध असे. एकात्म राज्य परीक्षा सक्तीची झाल्यावर तो गेला, आणि २०१४ च्या डिसेंबरपासून 'अंतिम निबंध' म्हणून परतला. तो उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढच्या परीक्षेला बसता येत नाही. किमान २५० शब्द, निकाल फक्त पास किंवा नापास, आणि किमान एका साहित्यकृतीचा आधार सक्तीचा. पहिल्या वर्षीच्या विषयदिशा होत्या लेर्मोंतोव्ह (त्या वर्षी त्याच्या जन्माला २०० वर्षं झाली होती), युद्धानं मानवजातीला विचारलेले प्रश्न, माणूस आणि निसर्ग, पिढ्यांमधला वाद, आणि माणसं कशाच्या आधारे जगतात. आठवणीतून पुस्तक उभं करण्याची अडचण तिथल्या मुलांनीही सोडवली, आणि अगदी व्यवहारी पद्धतीनं. 'युक्तिवादांची बँक' नावाचे संग्रह बाजारात आणि इंटरनेटवर मिळतात. विषय धैर्य असेल तर अमुक कथा, विश्वासघात असेल तर तमुक कादंबरी, प्रत्येकी चार ओळींत. तोलस्तोयची कादंबरी चार ओळींत बसवणं ही एक कला आहेच, पण ती वाचनाची नव्हे. तिथल्या रशियन भाषेच्या पेपरातली साहित्यातून उदाहरण देण्याची सक्ती २०१९ मध्ये काढली गेली, यामागे या साठवलेल्या उदाहरणांचा कंटाळा नसेलच असं म्हणवत नाही.

फ्रेंच वाट मला सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाटते, जरी तिच्यातही साचा आहे आणि तो कुप्रसिद्धही आहे. अभियांत्रिकीच्या नामवंत संस्थांत प्रवेश घेण्यासाठी मुलं दोन वर्षं तयारीच्या वर्गांत घालवतात, आणि तिथे गणित-भौतिकशास्त्राच्या जोडीला साहित्य आणि तत्त्वज्ञानाचा पेपर सर्वांना असतो. दरवर्षी देशभरासाठी एक सूत्र आणि त्यावर ठरलेल्या तीन कृती. २०२३-२४ चं सूत्र होतं विश्वास बसवणं, म्हणजे पटवण्यापासून फसवण्यापर्यंत सगळं. त्यासाठी लाक्लोची १७८२ ची पत्रकादंबरी 'ले लिएझाँ दांजर्यूझ', म्युसेचं नाटक 'लोरेंझाचियो' आणि हाना आरेंटचे सत्य, असत्य आणि राजकारण यांवरचे दोन निबंध. परीक्षेत भलत्याच एखाद्या लेखकाचं वचन येतं आणि या तीन कृतींच्या आधारे त्याची चर्चा करायची असते. प्रस्तावनेतच वचनातल्या संज्ञांची फोड करावी लागते आणि त्यातून एक वादप्रश्न काढावा लागतो. मग एक बाजू, दुसरी बाजू आणि दोघींच्या पलीकडे जाणारी तिसरी मांडणी. आपल्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाशी याचं नातं लागतं.

महत्त्वाचं हे की इथे वचनाला विरोध करणं ही हिंमत राहत नाही, ती रचनेतलीच पायरी असते. दुसऱ्या भागात विरोध नसेल तर निबंधच अपुरा. पुस्तकं ठरलेली असल्यानं परीक्षकानंही तीच वाचलेली असतात, त्यामुळे मोघम हवाल्यावर भागत नाही. वर्षभर त्याच तीन कृतींत राहिल्यानं मुलांच्या डोक्यात कथानकापलीकडचंही काही शिल्लक राहतं. तरी परीक्षकांच्या वार्षिक अहवालांत दर वर्षी तीच तक्रार: विद्यार्थी समोरच्या वचनावर लिहीत नाहीत, सूत्रावर आधीच तयार केलेला निबंध उतरवतात. वचनाचा शब्द सुटला की निबंध विषयाबाहेर गेला, असं ते मानतात, आणि ते योग्यच आहे.

न्यू यॉर्कनं शेवटी हा निबंध सुधारला नाही, काढून टाकला. डेव्हिड कोलमन हे कॉमन कोअर या नव्या शैक्षणिक मानकांचे एक प्रमुख शिल्पकार. एप्रिल २०११ मध्ये ऑल्बनीत राज्याच्या शिक्षण खात्यासमोर बोलताना त्यांनी शाळांतल्या वैयक्तिक लेखनाची चांगलीच खिल्ली उडवली. तुम्हाला काय वाटतं याची मोठेपणी कुणाला फिकीर नसते, असा त्यांचा सूर होता. जून २०१४ पासून त्या मानकांनुसार नवा पेपर आला, जुना जून २०१६ मध्ये शेवटचा घेतला गेला. नव्यात मजकूर समोर छापलेला असतो. दिलेल्या उताऱ्यांवरून युक्तिवाद करायचा, आणि एका उताऱ्यातली मध्यवर्ती कल्पना ओळखून ती मांडण्यासाठी लेखकानं वापरलेल्या एका तंत्राचं विश्लेषण करायचं. शब्दांची ठेवण आता डोळ्यांसमोर आहे, म्हणजे जुनी मोठी अडचण मिटली. पण मुलानं आयुष्यात एकही पुस्तक पूर्ण वाचलेलं नसलं तरी हा पेपर सुटतो. जुन्या पेपरात निदान दोन पुस्तकांची नावं लिहावी लागत. ती शिकवणीतून आलेली असोत की सारांशाच्या पुस्तिकेतून, पुस्तक ही निबंधाची अट होती. ती अट गेल्याचं अनेक शिक्षकांना वाईट वाटलं, मलाही लांबून वाटतं.

आपल्याकडे कल्पनाविस्तारात पुस्तकाची अट कधीच नव्हती. म्हणून तो विस्तार बहुतेक वेळा पाण्यानं होई. लोकसेवा आयोगाच्या निबंधातही ती नाही. आठ विषयांतून दोन निवडायचे, प्रत्येकी हजार-बाराशे शब्द, मराठीतूनही लिहिता येतात. २०२२ मध्ये तर शेलीचं कवींविषयीचं प्रसिद्ध विधानच विषय म्हणून आलं होतं. अशा विषयावर मराठीत लिहिणाऱ्याजवळ तुकोबांपासून ढसाळांपर्यंत केवढा साठा आहे. तरी शिकवणी वर्गांच्या छापील नमुन्यांत पहिल्या परिच्छेदात आइन्स्टाइन, दुसऱ्यात मंडेला, मध्ये सरकारी योजना आणि शेवटी संविधानाची उद्देशिका असा बांधा दिसतो. साहित्य आलंच तर अवतरण म्हणून, एका वचनाला दुसऱ्या वचनाचा टेकू म्हणून. कथा, कादंबरी किंवा नाटक वचनासमोर आणून ते तिथे टिकतं का, हे पाहिलं जात नाही.

समजा विषय आला: शिक्षणानं समाज बदलतो. यावर हजार शब्द कुणीही झोपेत लिहील. पण व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची 'बनगरवाडी' आठवली तर काय होतं? राजाराम सौंदणीकर हा कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो. पोरं मेंढरांमागे जातात, शाळा कशीबशी भरते. हळूहळू तो पत्र लिहून देणारा, भांडण मिटवणारा, कारभाऱ्याचा सल्लागार होतो. वाडी एकत्र येऊन जे काही उभं करते ती असते तालीम, आणि तिच्यासाठी खुद्द राजा वाडीवर येतो. मग पाऊस दगा देतो. मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात, मास्तरलाही निघावं लागतं.

या कादंबरीनं दिलेलं उत्तर 'सहमत' मध्ये बसत नाही आणि 'असहमत' मध्येही नाही. मास्तरमुळे वाडी हलते, पण ती पाटी-पेन्सिलीनं नव्हे, त्याच्या वाडीत मिसळण्यानं. आणि जे बदललं ते एका दुष्काळापुढे टिकत नाही. शिक्षण, पाणी आणि जनावर यांचा क्रम काय लावायचा, हे मग निबंध लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं, आणि ज्याला उद्या एखाद्या तालुक्यात अधिकारी म्हणून बसायचं आहे त्यानं ते ठरवून पाहायला काहीच हरकत नाही. परीक्षकाच्या बाजूनं मात्र दोन गोष्टी लागतील. त्यानं 'बनगरवाडी' वाचलेली असली पाहिजे, आणि ज्या निबंधाच्या शेवटी वचन जसंच्या तसं उरलेलं नाही त्याला गुण द्यायची मुभा त्याला नमुना उत्तरानं ठेवलेली असली पाहिजे.